मरियमचा हात का उमलला नाही

"उमलला! उमलला!"

ओरड आधी बैठकीत उठली, तिथून जिन्यात, जिन्यातून गच्चीवर. गच्चीवरच्या बायकांनी जिभा नाचवून असा काही आनंदाचा गलका केला, की खालच्या कॉफीच्या मळ्यातली माणसं हातातली कामं टाकून वर धावली. बैत सुबेरा हे यमनच्या डोंगरकड्याला घरट्यासारखं चिकटलेलं गाव. एका घरात शिंक आली तर शेजारच्या घरातून दुवा येते. त्या दिवशी तर अख्खं गाव मुक्बिलच्या दारात उभं होतं. बैठकीत मधोमध तांब्याचं घंगाळ, घंगाळात पाणी, पाण्यात मरियमचा हात, आणि घंगाळामागे डोळे मिटून बसलेला शेख मरझूक.

मरियमचा हात म्हणजे वाळवंटातलं एक वाळकं रोपटं. मुठीसारखं आवळलेलं, करड्या रंगाचं. पाण्यात टाकलं की काड्या हळूहळू सुटतात आणि मूठ उघडते. बाईला कळा लागल्या की ते पाण्यात घालायचं. जसा हात उमलेल तशी कूस उमलेल, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. पूर्वी प्रत्येक घरात असा एक हात असे. सासूकडून सुनेकडे जाई, आणि बाळंतपण झालं की वाळवून पेटीत ठेवला जाई.

शेख मरझूकनं गावात आल्या आल्या पहिलं काम केलं ते हे जुने हात गोळा करण्याचं. "मेलेल्या आज्यांचे हात आहेत ते," तो बायकांना म्हणाला होता. "मेलेल्यांच्या हातून जन्म मागता? लाज नाही वाटत? माझा हात जिवंत आहे. त्याला दिसतं. त्याला घरातली नजर दिसते, पाप दिसतं, बाईच्या मनातलं दिसतं. मी याला आणलेलं नाही बायांनो, यानं मला आणलंय!"

बायकांनी मुकाट्यानं पेट्या उघडल्या होत्या.

आतल्या खोलीत अरवा दोरीला लोंबकळून कळा देत होती. ती या घराची धाकटी सून. नवरा सरहद्दीपलीकडे ट्रक चालवायचा. बाहेरून "उमलला"ची ओरड आली आणि तिला वाटलं, आपल्या हाडांची कुलपंच कुणी काढली. मुलगा झाला. थोरली जाऊ, मुक्बिलची बायको लुत्फिया त्याला कापडात गुंडाळून तिच्या छातीवर ठेवत म्हणाली, "घे बाई. शेखसाहेबांनी बोलावला आणि हा लगेच आला. बापासारखा नाही हो, बाप कधी हाकेसरशी आलाय?"

अरवा रडता रडता हसली. त्या दिवसापासून तिचा मुलगा म्हणजे शेखचा चालताबोलता पुरावा झाला. खरं तर तो अजून चालतही नव्हता नि बोलतही नव्हता, पण लांबलांबच्या गावांतून माणसं यायची आणि शेख अरवाकडे बोट दाखवायचा.

*

यंदा लुत्फियाला दिवस गेले. तिचं हे पहिलंच बाळंतपण, आणि तेही बऱ्याच नवससायासांनंतर.

खालच्या गावातल्या दवाखान्यातली सुईण इफ्तिकार दर महिन्याला डोंगर चढून यायची. गेल्या खेपेला तिनं लुत्फियाच्या दंडाला पट्टा बांधून दाब पाहिला, पायाला बोटानं दाबून पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. बोटाचा खड्डा तसाच राहिला होता.

"हिला इथे ठेवू नका," ती सासूला म्हणाली. "मोठ्या इस्पितळाजवळ कुणी नातलग असेल तर आजच नेऊन ठेवा. डोकं दुखलं, डोळ्यांपुढे ठिणग्या दिसल्या, तर क्षणभर थांबू नका."

सासू आतिका खवळली. "सूज नाही ती, बाळसं आहे! माझ्या सुनेच्या अंगाला जरा मांस चढलं तर तुझ्या पोटात दुखायला लागलं? आमच्याकडे शेख आहे. तू आपला तो रबरी पट्टा घे नि खाली जा."

इफ्तिकार गेली. जाताना जिन्यात तिनं अरवाचा हात धरला. "तू तरी लक्ष ठेव गं," एवढंच म्हणाली. अरवानं मान हलवली, पण मनात म्हटलं, हिला शेखसाहेबांचा हेवा वाटतोय. बिचारी.

आणि आज लुत्फियाला कळा लागल्या. सकाळीच ती अरवाला म्हणाली, "अरवा, खिडकीतून ठिणग्या उडतायत का गं? चूल पेटवलीय का कुणी?"

खिडकीबाहेर नुसतं डोंगराचं ऊन होतं. लुत्फियाचे डोळे सुजून बारीक झाले होते. हातातल्या चांदीच्या बांगड्या रुतल्या होत्या. कपाळ दाबून धरत ती म्हणाली, "डोक्यात कुणीतरी दळतंय."

शेख आला. उंबऱ्यात आतिकाशी बराच वेळ हळू आवाजात बोलला, मग कातडी पिशवीत हात घालून चाचपत राहिला, आणि मरियमचा एक हात काढून त्यानं घंगाळात सोडला. बैठकीत पुरुष गालात 'गात' या तरतरी आणणाऱ्या पाल्याचे गोळे कोंबून बसले. घंगाळाकडे टक लावून पाहू लागले.

हात उमलला नाही.

पहिल्यांदा कुणाला काही वाटलं नाही. मग कुजबूज सुरू झाली. मग कुजबूजही थांबली. मरियमचा हात सावकाश उमलतो, हे पोरासोरांना माहीत होतं. पण मुळीच न उमललेला हात त्या गावात कुणी पाहिलेला नव्हता. पाण्यात तो दगडासारखा मिटून पडला होता.

"घरात नजर आहे," शेखनं डोळे न उघडता सांगितलं. "काळी शेळी कापा. मध आणा, पोळ्यासकट. आणि ऐका! हात मिटलेला असताना बाईनं उंबरा ओलांडला, तर तिचा श्वास उंबऱ्यात अडकेल. मग मला बोल लावू नका."

मुक्बिलची पिकअप दारात उभी होती. रोज तीच गाडी गातच्या पेंढ्या घेऊन खालच्या बाजाराला जायची आणि दुपारच्या आत परत यायची. मुक्बिल गाडीच्या किल्ल्या मुठीत घेऊन बसला होता. किल्ल्यांचे वळ तळव्यावर उठले होते. "अम्मा, नेऊ का?" त्यानं आईला विचारलं.

"आधी हात उमलू दे," आतिका म्हणाली. वाईट बाई नव्हती ती. तिला सून हवी होती, नातवंड हवं होतं. दोघांच्या जिवाला भिऊनच ती दोघांना धरून बसली होती.

*

दुपारच्या नमाजाला पुरुष मशिदीत गेले. शेखही गेला. जाताना बजावून गेला, "घंगाळाला कुणी शिवायचं नाही."

अरवा मुलाला पाजत भिंतीला टेकून बसली होती. आतून लुत्फियाचा कण्हण्याचा आवाज येत होता. त्यात आता शब्द राहिले नव्हते. अरवाचं बाळंतपण झालं तेव्हा या लुत्फियानंच तिचे चाळीस दिवस काढले होते. कोंबडीचा रस्सा, तुपातली असीदाची उकड, पाठीला शेक. "तुझं दूध आटलं तर मुलगा माझ्या नावानं रडेल," असं म्हणत मेथीचं पाणी तिच्या घशाखाली उतरवायची.

अरवाचा अजूनही शेखवर पुरता विश्वास होता. म्हणूनच तर तिला वाटलं, की हाताला थोडी मदत करावी. गार पाण्यात माणसाची बोटंही आखडतात, तर त्या हाताची का आखडणार नाहीत? मरियमला काय राग येणार आहे, एका बाईनं दुसऱ्या बाईसाठी जरा गरम पाणी ओतलं तर!

झोपलेल्या मुलाला तिनं गादीवर ठेवलं. चुलीवर कॉफीच्या सालींच्या काढ्यासाठी पाणी खदखदत होतं. किटली उचलून ती बैठकीत गेली आणि तिनं ते उकळतं पाणी घंगाळात ओतलं.

पाण्यावर तेलकट थेंब वर आले. वाटोळे, पिवळसर. अरवा वाकली. तिच्या नाकाला वास आला आणि ती क्षणभर माहेरी गेली. तिचा बाप मधमाश्या पाळायचा. पोळी वितळवायच्या दिवशी सगळं घर याच वासानं भरून जायचं.

मेण.

ती दुसरी किटली भरून घेऊन आली, तोवर हाताच्या बाहेरच्या काड्या सुटू लागल्या होत्या. दुसरं पाणी पडलं तशी मूठ सैल झाली. अरवा ओरडलीच, "अम्मा! उमलतोय! हात उमलतोय!"

आतिका धावत बाहेर आली. घंगाळ पाहून तिनं दोन्ही हात आभाळाकडे नेले. आणि त्याच वेळी आतल्या खोलीतून धाडकन आवाज आला.

लुत्फिया जमिनीवर पडली होती. दातखिळी बसलेली, डोळे वर गेलेले, सगळं अंग झटके देत होतं. तोंडातून लाल फेस येत होता. भोवतीच्या बायका "जिन! जिन!" करत भिंतीला चिकटल्या. अरवानं तिचं डोकं मांडीवर घेतलं, तिला कुशीवर वळवलं. झटके थांबेपर्यंत ती जावेला धरून राहिली. आणि त्या वेळात एकच गोष्ट तिच्या डोक्यात फिरत होती. हात तर उमललाय. मग हे काय?

पुरुष परतले. अरवानं डोक्यावरची ओढणी सावरली, घंगाळ उचललं आणि ती बैठकीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"भाऊजी, हात उमलला. आता नेऊ द्या तिला."

मुक्बिल उठला. सगळ्यांची नजर शेखकडे. हात उमलला म्हटल्यावर ज्यानं सगळ्यांआधी देवाचे आभार मानायचे, तो शेख मरझूक पांढराफटक पडला.

"गरम पाणी कुणी ओतलं?" तो म्हणाला.

अरवानं घंगाळ जमिनीवर ठेवलं.

"पाणी गरम आहे हे तुम्हाला कसं कळलं, शेखसाहेब?" अरवानं विचारलं. "तुम्ही तर अजून बोटही बुडवलं नाहीत."

"मला दिसतं!"

"मग हेही दिसत असेल." पाणी निवत चाललं होतं आणि घंगाळाच्या कडेला पांढरट साय धरली होती. तिनं ती नखानं खरवडली नि बोट मुक्बिलपुढे धरलं. "वास घ्या भाऊजी. मेण आहे. हाताला मेण फासलं होतं. पाणी आत शिरणार कुठून आणि तो उमलणार कसा?"

मुक्बिलनं वास घेतला. मग तो आत गेला आणि बायकोला उचलून घेऊन आला. आतिका उंबऱ्यात आडवी बसली होती. "मुक्बिल, हात आपणहून नाही उमलला... तिचा श्वास... उंबऱ्यात..."

"बाजूला हो अम्मा."

ती हलली नाही. तो तिच्या खांद्यावरून पाय टाकून पलीकडे गेला.

*

डोंगरातला रस्ता म्हणजे दगडांची रास. पिकअपच्या मागच्या भागात गाद्यांवर लुत्फिया, तिचं डोकं अरवाच्या मांडीवर, आणि अरवाच्या पाठीला बांधलेलं तिचं स्वतःचं लेकरू. खालच्या गावात इफ्तिकार पिशवी घेऊन धावत आली. चालत्या गाडीतच तिनं लुत्फियाच्या मांडीत आकडीवरचं इंजेक्शन दिलं आणि मग सबंध वाट तिची नाडी धरून बसली.

इस्पितळात मूल पोट कापून काढलं. मुलगी. मांजराच्या पिलाएवढी, पण रडली.

लुत्फिया उठलीच नाही. तिच्या डोक्यात रक्तस्राव झाला होता. डॉक्टरीणबाईंनी मुक्बिलला एकच प्रश्न विचारला, "डोकं कधीपासून दुखत होतं?" मुक्बिलनं अरवाकडे पाहिलं.

अरवानं त्या मुलीला ओढणीखाली घेतलं. आधी तिला तोंडच उघडता येईना. अरवानं बोटावर दुधाचा थेंब घेऊन तिच्या ओठांना लावला, पुन्हा लावला, आणि कधीतरी ते इवलंसं तोंड हललं. दुसऱ्या बाजूला तिचा मुलगा ओढत होता. आता ही दोघं दूधभावंडं झाली. अरवाच्या डोळ्यांतलं पाणी कुणाच्या डोक्यावर पडत होतं, हे तिला कळत नव्हतं.

*

दफन झालं. दुखवट्याला गाव जमलं, आणि शेख मरझूकही आला. चेहरा असा, की जणू त्याचीच मुलगी गेली.

"मी सांगितलं होतं," तो अंगणात बसून म्हणाला. "उंबरा ओलांडू नका. माणूस ऐकत नाही. आणि मेण? अरे, मेण मधाचं होतं. तुमच्याच मधाचे हात मी घंगाळाला लावले असतील. बाई घाबरलेली, तिला काय दिसलं नि काय नाही..."

माना हलू लागल्या. पुरुषांच्याही हलल्या. जिन्याच्या तोंडाशी बसलेल्या बायकांतून कुणीतरी म्हणालं, "खरंच की. घरात होती तोवर जिवंत होती."

अरवाला ते सुरीसारखं लागलं. तीच तर लुत्फियाला उंबऱ्याबाहेर काढणारी.

इफ्तिकार मुलीला तपासायला चढून आली होती. ती पुढे झाली. "शेखसाहेब, तुमची पिशवी द्या जरा."

"पाक वस्तू आहेत त्यात!"

"द्या," मुक्बिल म्हणाला आणि त्यानं पिशवी ओढून अंगणात उपडी केली.

मरियमचे हात घरंगळत बाहेर आले. करडे, कोरडे, लहानमोठे. काहींच्या देठाला दोरे होते, निळे, लाल. एक म्हातारी पुढे सरकली. "अगं बाई! हा माझ्या सासूचा! हा दोरा मीच बांधला होता!"

"मेलेला हात ना तो, खाला?" इफ्तिकारनं तो उचलला. विहिरीच्या बादलीतलं पाणी एका परातीत ओतलं, त्यात तो ठेवला आणि परात नेऊन अंगणातल्या गाढवापुढे मांडली. "बघू या, गाढव बाळंत होतं का."

सगळे बघत राहिले. दुखवट्याची कॉफी निवली. गाढवानं दोनदा हुंगून तोंड फिरवलं. आणि काड्या सुटू लागल्या. एक, मग शेजारची, मग सगळी मूठ.

"हे वाळकं झुडूप आहे," इफ्तिकार म्हणाली. "तुम्ही रात्री मेथी भिजत घालता, सकाळी ती फुगलेली असते. कुणाच्या पोटात मूल आहे हे बघून फुगते का? पाणी मिळालं की फुगते. हेही तसंच. कोमट पाण्यात लवकर, गार पाण्यात सावकाश. आणि मेण लावलं की मुळीच नाही. हे बघा." ढिगातून तिनं दोन हात वेचले. ते इतरांपेक्षा तुकतुकीत होते. नख ओढलं की पांढरी रेघ उठत होती. "हे कोरडे, उमलणारे. हे मेणाचे, न उमलणारे. दोन्ही एकाच पिशवीत."

"पण मग..." अरवाला बोलवेना, तरी ती बोलली. "माझ्या वेळी उमलणारा काढला. लुत्फियाच्या वेळी मेणाचा. कोणता काढायचा हे त्याला कसं कळायचं?"

मग कोपऱ्यातून, पांढऱ्या ओढणीत तोंड झाकून बसलेल्या आतिकाचा आवाज आला.

"मी सांगितलं." ती सावकाश बोलत होती. "उंबऱ्यात त्यानं मला विचारलं. डोकं दुखतं का? ठिणग्या दिसतात का? पाय सुजलेत का? मी म्हटलं, हो. हो. हो. मग त्यानं पिशवीत हात घातला." तिनं ओढणी खाली केली. "अरवाच्या वेळीही विचारलं होतं. तेव्हा मी म्हटलं, नाही, पोरगी ठणठणीत आहे."

आता कुठे ते सगळ्यांच्या ध्यानात आलं. ज्या बाईचं सुखरूप होणार, तिथे याचा हात उमलायचा आणि चमत्काराची शेळी याला मिळायची. जिचं अवघड, तिथे हात मिटलेला. मग पापाची शेळी याला मिळायची, आणि बाई गेलीच तर "मी सांगितलं होतं" म्हणायला हा मोकळा. लुत्फिया धोक्यात आहे हे त्या दिवशी त्या घरात त्याला पक्कं ठाऊक होतं.

मुक्बिलनं त्याची गचांडी धरली. शेख घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मी कुणाला मारलं नाही! मी फक्त झुडूप पाण्यात ठेवलं!"

"ठेवलंस," आतिका म्हणाली, "आणि आम्ही बघत बसलो."

मशिदीच्या इमामांनी मुक्बिलचा हात सोडवला. "याला न्यायाधीशापुढे उभं करू," ते म्हणाले. "आपल्या हातानं नको."

इफ्तिकारनं आवाज चढवला नाही. जिन्यातल्या बायकांकडे वळून ती बोलली. "बायांनो, हे हात घरी न्या. आज्यांची आठवण म्हणून ठेवा, उशाशी ठेवा, माझं काही म्हणणं नाही. पण त्यांना विचारू नका. बाईचं अंग स्वतःच सांगत असतं. डोकं फुटायला लागलं, डोळ्यांपुढे ठिणग्या आल्या, तोंड नि हात सुजले, रक्त जायला लागलं, कळा लागून मूल पुढे सरकत नसलं, तर ते पाप नाही, नजर नाही, जिनही नाही. तो आजार आहे आणि त्याला औषध आहे. ते औषध डोंगराखाली आहे. वाट बघण्यात जो वेळ जातो ना, बाई त्या वेळानं मरते."

मग जिन्यातून एक पोरगेलीशी बाई उठली. पिठाच्या गिरणीवाल्याची सून. सातवा महिना. तिच्याकडे कुणी फारसं कधी पाहिलंही नव्हतं. ती दोन पायऱ्या उतरली, सासूकडे एकदा बघून घेतलं, आणि तिनं बाही वर केली. मनगट टम्म फुगलेलं होतं. त्यावर बांगडीचा खोल वळ.

"काढताना साबण लावायला लागला," ती पुटपुटली. "आणि डोकं... परवापासून."

तिची सासू घाईनं म्हणाली, "अगं, ऊन लागलं असेल. दुखवट्याच्या घरात काय हे! उद्या बघू."

आतिका भिंतीचा आधार घेत उठली. तिच्या सुनेला जाऊन अजून आठवडाही उलटला नव्हता. अंगणातून चालत जाऊन तिनं त्या पोरीचं सुजलेलं मनगट धरलं आणि तिला उंबऱ्याबाहेर आणलं.

"मुक्बिल," ती म्हणाली, "गाडी काढ."